धुऱ्यावरची गिरजामाय

ते रान कोणाचं, याचा निकाल लागायचा होता. जंगलखातं म्हणे आमचं, रानाचा जुना ठेका असलेले एक इजारदार म्हणत आमचं, आणि दोघांचे वकील अमरावतीला तारखांवर तारखा घेत होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेला. कागद अमरावतीहून नागपूरला जायचे, नागपूरहून परत यायचे, आणि तोवर त्या रानात ना नाकेदार होता ना राखणदार. लोक त्याला तंट्याचं रान म्हणत. परतवाड्याहून धारणीकडे जाणारी सडक डोंगर चढायला लागायच्या आधी उजव्या हाताला एक गाडीवाट फुटते. तिच्या टोकाला आमचं गाव होतं आणि गावापासून मैलभरावर हे रान.

बेवारस रानाचं काय होतं, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. दोन उन्हाळ्यांत त्याचं सरपण होतं. या रानाचं तसं झालं नाही, याला कारण एक माळीण. एका बाजूनं खोल नाला, दुसऱ्या बाजूनं कडा आणि करवंदीचं जाळं, अशा त्या रानात शिरायला धड वाट एकच होती, आणि ती गिरजामायच्या धुऱ्यावरून जायची. धुरा म्हणजे शेताचा बांध. आमच्याकडे धुऱ्यापायी सख्ख्या भावांची डोकी फुटतात. तेव्हा दुसऱ्याच्या धुऱ्यावरून जायचं तर मालकाला विचारून, ही रीत सगळ्यांच्या अंगात मुरलेली. गिरजामायनं तेवढ्या एका रीतीवर तीन-चार मैलांचं रान सांभाळलं होतं.

"रान माह्यं नाई, बाप्पा," ती म्हणायची. "धुरा माहा हाय."

मी मूळचा अकोल्याचा. शाळामास्तर होऊन त्या गावी गेलो तेव्हा पंचविशीत होतो. अकोल्याकडे पाहावं तिकडे कपाशी, आणि झाड म्हणजे विहिरीवरचा एखादा लिंब, त्यामुळे रान पाहायची मला फार हौस. पहिल्याच रविवारी धोतर सावरून निघालो. धुऱ्याच्या तोंडाशी, जिथं मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याजवळ, एक हाडापेरानं मजबूत बाई वांग्यांच्या वाफ्यांत पाणी वळवत होती. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात फावडं, कपाळावर कुंकवाच्या जागी गोंदणाचा हिरवा ठिपका. तिनं मान वर केली नाही.

"काय आनाले चालले?"

"काही नाही. सहज. फिरायला."

फावडं थांबलं. "काईच नाई आनाचं?"

"नाही."

"मंग जाता काहून?"

मी म्हणालो, "रान पाहायला."

"पाहाले," ती म्हणाली, आणि मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "बरं. पाहाले बी घागर लागते."

होळी झाली की मृग लागेपर्यंत तिच्या धुऱ्यावर हा कायदा असे. रानात जाणाऱ्या प्रत्येकानं थारोळ्यातून एक घागर भरून घ्यायची, अर्ध्या मैलावर एका मोठ्या मोहाखाली दोन दगडी डोण्या होत्या त्यांत ओतायची, आणि मग कुठं जायचं तिथं जायचं. मोह वेचणाऱ्या कोरकू बाया, डिंकवाले, गुराखी, जडीबुटी शोधणारे वैदू, अंगाला राख फासलेले साधू, कोणालाही सूट नाही. काड्यापेटी, चिलीम आणि कुऱ्हाड धुऱ्यावरच्या टोपल्यात ठेवून जायचं. वाळलेलं सरपण डोक्यावर येईल तेवढं एकच ओझं. परत येताना आपली वस्तू उचलायची आणि घागर पालथी घालायची. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. तिला लिहिता येत नव्हतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे कायदा मोडायला पळवाटही नव्हती.

मी जन्मात घागर उचललेली नव्हती. ती खांद्यावर घेऊन धुऱ्यावरून तोल सांभाळत गेलो, डोणीत पाणी ओतलं, तासभर झाडं पाहिली आणि मोठा पराक्रम केल्यासारखा परत आलो.

"अर्धी सांडली," गिरजामाय म्हणाली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"धोतर पाहा आपलं." मग जरा थांबून, "पुढच्या बारीले दीड घागर न्या."

पुढच्या रविवारी मी खरंच दीड घागर नेली. त्यानंतर वर्षभर माझा एकही रविवार चुकला नाही.

लोकांना वाटे की ही बाई मोठी पुण्यवान. मलाही वाटायचं. एकदा मी तसं बोलून दाखवलं, तर ती खेकसलीच. "पुन्य कायचं? माहे वांगे वाचाले पायजेत." खरी गोष्ट तिनंच सांगितली. नवरा असताना एका कडक उन्हाळ्यात एक सांबर पाण्याच्या वासानं आलं आणि रात्री तिच्या विहिरीत पडलं. नवरा-बायको दिवसभर दोर लावत होते. सांबर वर आलं ते मेलेलंच. पाणी नासलं, भाजी गेली, झेंडू गेला, आणि विहीर उपसता उपसता नवऱ्यानं जे अंथरूण धरलं ते सोडलंच नाही. तेराव्यानंतर तिनं गुरांसाठी असलेल्या दोन्ही डोण्या बैल लावून रानात ओढत नेल्या. "त्यायनं तिकडंच पेवावं अन् तिकडंच मरावं. माह्या इहिरीवर येऊ नये."

एवढाच हेतू. पण पाणी भरायचं म्हणजे पाहायला जावं लागतं, आणि पाहायला गेलेल्या माणसाची खैर नसते. डोण्यांभोवतीची माती ती संध्याकाळी हातानं सारवल्यासारखी सपाट करून यायची आणि सकाळी कोणाचे पाय उमटले ते वाचायची. मी तिला शाळेतल्या हजेरीबद्दल सांगितलं, तेव्हा तो शब्द तिला इतका आवडला की तिनं तो उचललाच. "मास्तर, तुमची शाया भराच्या आंधी माही भरते. आज सांबर गैरहजर. डुकरं मात्र सप्पा हजर, मुडदे." हजेरी घेऊन झाली की ती सगळे पाय पुसून टाकायची. कशाला पुसता, म्हणून विचारलं तर म्हणाली, "आपल्या घरी कोन आलं, कोन गेलं, ते दुनियेले काहून सांगा?"

तिच्या बोलण्यानं मी एकदा चांगलाच तोंडावर आपटलो. एका सकाळी म्हणाली, "काल पाटलीन आल्ती डोनीवर. नेमानं येऊन राह्यली दोन सालापासून." मला वाईट वाटलं. गावचे पाटील चांगले खाऊनपिऊन सुखी, दारात विहीर, आणि त्यांच्या बायकोला दीड मैल रानात पाण्याला जावं लागावं? दुसऱ्या दिवशी पाटील चावडीवर भेटले तेव्हा मी शक्य तेवढ्या अदबीनं म्हणालो, "पाटील, बाईंना इतक्या लांब पाण्याला पाठवू नका. शाळेच्या विहिरीवर माझी काही हरकत नाही." पाटलांच्या मिशा आधी फुलल्या, मग थरथरल्या, आणि मग ते असे हसले की चावडीतला महारही बाहेर येऊन पाहू लागला. पुढं वर्षभर त्यांच्या वाड्यावरून गेलो की आतून पाटलीणबाईंचा आवाज यायचा, "मास्तर, मी हाय बरं घरात!"

रानात जनावराचं नाव घ्यायचं नाही, घेतलं की ते पुढ्यात उभं राहतं, ही त्या भागातली समजूत. म्हणून अंगावर पट्टे असलेला नर तो पाटील आणि त्याची मादी ती पाटलीण. अस्वल म्हणजे म्हातारा. गिरजामायनं हे मला वांगी तोडता तोडता समजावलं आणि शेवटी बजावलं, "हे आपल्यातलं बोलनं हाय, मास्तर." मी मान डोलावली. 'आपल्यातलं' या शब्दानं मला किती बरं वाटलं होतं ते आठवलं की आज मान खाली जाते.

तिला कोणी हटवू पाहिलंच नाही असं नव्हे. परतवाड्याचा एक लाकडाचा ठेकेदार चार गाड्या घेऊन आला होता. त्याच्याजवळ इजारदारांचा कागद होता. तिनं कागद उलटासुलटा पाहिला आणि म्हणाली, "असाच कागद सरकारजवय बी हाय म्हन्तात. कोर्टानं ज्याचा खरा केला त्यानं यावं. तवर घागर न्या अन् एक ओझं आना." ठेकेदार तापला. पण त्याच्या गाडीवाल्यांनी तोवर बैल सोडून घागरी भरायला घेतल्या होत्या, कारण धुरा ज्याचा त्याचा शब्द हे त्यांनाही बापजाद्यांपासून ठाऊक होतं. चार गाड्या चार ओझी घेऊन परत गेल्या. मी ही हकिगत सगळ्यांना रंगवून सांगायचो, आणि सांगताना त्यात माझाही थोडा वाटा असल्यासारखं बोलायचो.

आता मुख्य गोष्टीकडे यायला हवं. इतका वेळ मी तीच टाळत होतो.

माझी आई अकोल्याला एकटी होती. डोळे अधू झालेले. अमरावतीच्या शाळेत बदली मिळाली तर तिला आणून जवळ ठेवता येईल, म्हणून माझी खटपट चालू होती. राजापेठेतल्या एका वकिलांचं शाळाखात्यात वजन होतं. हेच वकील तंट्याच्या रानाचा दावा इजारदारांच्या बाजूनं चालवत. शिकारीचा नाद त्यांना होता, आणि दुसऱ्या वैशाखात मला त्यांचा निरोप आला की एका मित्राला घेऊन मोटारीनं येतो आहे, रान दाखवायचं. मी विचारलं, परवाना काढलाय का? वकीलसाहेब मनापासून हसले. "अहो मास्तर, सरकारी जंगलात परवाना लागतो. इथं परवाना द्यायचा कोणी? तेच तर कोर्टात ठरायचंय."

मी त्यांना धुऱ्यावर घेऊन गेलो. गिरजामायनं नेहमीचा प्रश्न विचारला, "काय आनाले चालले, सायेब?"

"वाघ," वकीलसाहेब म्हणाले.

तिनं तोंड फिरवलं. मग म्हणाली, "ते नाई इथं. रोही हाय, मोर हाय, पाहून या. बंदूक टोपल्यात ठेवा."

टोपलं हातभर, बंदूक पुरुषभर. सगळे हसले. मीही हसलो. वकीलसाहेब म्हणाले, "आम्ही नुसतं पाहून येतो, बाई," आणि बंदुकीसकट धुऱ्यावरून चालू लागले. "घागर?" ती मागून म्हणाली. "मास्तर नेतील," ते म्हणाले, आणि मी नेली.

तीन तास उन्हात हिंडूनही काही दिसलं नाही. डोण्यांजवळची माती तिनं सकाळीच सपाट केली होती. वकीलसाहेब खूप वेळ खाली वाकून पाहत होते, पण तिथं एक पाखराचा पायसुद्धा नव्हता. कंटाळून परत आलो. धुऱ्यावर थारोळ्याजवळच्या सावलीत बसून ते पाणी प्यायले, आणि मित्राला म्हणाले की उद्या सकाळी निघू, इथं काही नाही. गोष्ट तिथंच संपत होती.

तेवढ्यात फुलई आली. ही कोरकू बाई रोज मोह वेचायला यायची. गिरजामायनं तिला घागर दिली आणि साध्या रोजच्या आवाजात सांगितलं, "फुलई, ऊन उतराच्या आंधी माघारी ये बरं. पाटलीन येते डोनीवर. लेकरं हायेत आता तिच्या संग."

वकीलसाहेबांना मौज वाटली. "काय हो मास्तर, तुमच्या गावच्या पाटलाची बायको पोरंबाळं घेऊन इतक्या लांब पाण्याला येते?"

मला हसू आलं. हीच चूक वर्षापूर्वी मी केली होती आणि आता मी जाणता झालो होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी त्यांना सगळं सांगितलं. पाटील म्हणजे कोण, पाटलीण म्हणजे कोण, नाव का घेत नाहीत, डोण्यांवर हजेरी कशी घेतात, पाय कसे पुसतात. चांगलं रंगवून सांगितलं, शुद्ध मराठीत, तिच्यापासून चार हातांवर बसून. बदलीसाठी मी बोललो असतो तर निदान लबाड तरी ठरलो असतो. त्या क्षणी माझ्या मनात बदली नव्हतीच. मला फक्त शहाणं दिसायचं होतं.

बोलणं संपल्यावर माझ्या लक्षात आलं की कोणी हसत नाहीये. वकीलसाहेब उठून सूर्य किती वर आहे ते पाहत होते. गिरजामाय माझ्याकडे पाहत होती. "मास्तर," एवढंच म्हणाली.

तासाभरात गावातून एक बाज आणून मचाण म्हणून मोहावर बांधायला सुरुवात झाली. बांधणारे डोणीजवळ पोचले तर गिरजामाय आधीच तिथं येऊन दोन डोण्यांच्या मधे बसली होती. उठेना. बाईमाणसाला हात कोण लावणार? वकीलसाहेबांनी मला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही, ते सभ्य गृहस्थ होते. "तिला समजवा. आणि हेही सांगा की तिचा धुरा मोजणीच्या नकाशात कुठं बसतो ते मी पाहिलंय. हद्दीबाबत एक अर्ज टाकला तर तोही तंट्यात जाईल."

हे मी तिला सांगायला नको होतं. म्हणता आलं असतं, साहेब, तुम्हीच सांगा. पण मी गेलो आणि तिच्यासमोर उकिडवा बसलो.

"उठा, गिरजामाय."

"मी बसतो इथं. मानूस दिसला का ते येत नाई."

मी अर्जाचं सांगितलं. तिला नीट कळावं म्हणून दोनदा सांगितलं.

"धुरा बी तंट्यात?"

"हो."

"कितीक साल?"

"या रानाला किती झाली?"

ती हातानं जवळची माती सपाट करत राहिली. मग म्हणाली, "एक पाटलीन गेली त दुसरी येईन कवातरी. धुरा गेला त मंग..." गुडघ्यावर हात टेकून उठली. मी हात पुढं केला तो तिला दिसला नाही, की दिसूनही तिनं धरला नाही. धुऱ्यापर्यंत आम्ही मागेपुढे चालत आलो. मधे एकदाच बोलली, माझ्याकडे न पाहता, "अंगावर पेतात अजून ते लेकरं, मास्तर."

मी घरी जाऊ शकलो असतो, पण पाय निघेना. ती वांग्यांना पाणी देत होती आणि मी थारोळ्याजवळ उभा होतो. दिवस टेकत आला तेव्हा एक बार झाला, मागून लगेच दुसरा. रानातले सगळे मोर एकदम ओरडले. गिरजामायचं फावडं हातातच होतं. वाफा भरला, पाणी वरून वाहू लागलं, वांग्यांची झाडं आडवी झाली, तरी तिनं पाणी वळवलं नाही. शेवटी मीच चिखलात उतरून हातानं माती ओढली.

बाजेवर घालून आठ जणांनी पाटलिणीला आणलं. धुऱ्यावरून जाताना कोणी विचारलं नाही, आणि गिरजामायनंही कोणाला काही विचारलं नाही. बाज तिरकी झाली की पोटाकडून रक्त सांडायचं, आणि त्या रक्तात दूध मिसळलेलं होतं. ते मी पाहिलं. वकीलसाहेबांनीही पाहिलं असणार, कारण त्यांनी वर एक पोतं टाकायला सांगितलं. चावडीपुढं सगळं गाव जमलं. पाटील आले, पण त्या दिवशी ते हसले नाहीत.

पिल्लं दोन दिवस डोणीच्या आसपास ओरडत होती. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला. फुलईला एक करवंदीच्या जाळीत मेलेलं सापडलं. दुसऱ्याचं काय झालं ते कळलं नाही.

पुढचं सगळं फार लवकर झालं. अमुक गावच्या रानात डोण्यांवर बसलं की जनावर आपण होऊन येतं आणि परवान्याची भानगड नाही, ही बातमी परतवाड्यापासून अमरावतीपर्यंत गेली. पुढच्या शनिवारी दोन बंदुका आल्या, त्याच्या पुढच्या शनिवारी पाच. सांबर, चितळ, मोर, जे पाण्यावर येईल ते. आणि साहेब लोक न विचारता जातात म्हटल्यावर गाववाले तरी कशाला थांबतील? कुऱ्हाडी टोपल्यात पडेनात. "सायेब गेले त आमी काहून नाई जावं?" असं तिला तोंडावर विचारलं एकानं. तिचा सगळा अधिकार विचारण्यात होता, आणि एकदा न विचारता गेलेलं चालतं हे कळल्यावर धुरा म्हणजे नुसती माती उरली. अर्ज कोणी टाकला नाही. धुरा तिच्याच नावावर राहिला. तो वाचवायला तिनं पाटलीण दिली होती.

त्या दिवसांत मी तिकडे गेलो नाही. रविवारी घरात पडून राहायचो. तिला काय सांगणार होतो?

ज्येष्ठ लागता लागता माझ्या बदलीचा हुकूम आला. अमरावती. वकीलसाहेबांनी शब्द पाळला होता. सामान बांधलं, गाडी सांगितली, आणि निघायच्या आदल्या दिवशी धुऱ्यावर गेलो, कारण न भेटता जाणं त्याहून वाईट झालं असतं.

ती मळ्यात नव्हती. बैल सुटलेले होते. मी धुऱ्यावरून रानात गेलो, भर उन्हाळ्यात पहिल्यांदाच रिकाम्या हातानं. मोहाखालच्या दोन्ही डोण्या कोरड्या होत्या. त्यांत बाभळीच्या काट्या कोंबून भरल्या होत्या. थोड्या अंतरावर गिरजामाय उभी होती. ओट्यात दगड भरलेले, आणि समोर सहा-सात चितळांवर ती ते भिरकावत होती.

"जा! मुडदेहो, जा! मानसाच्या हातचं पानी पेऊ नका! जा ना रे बाप्पा!"

दगड निम्म्यावर पडत होते. चितळं एखादं पाऊल मागे सरकत आणि परत तिथंच उभी राहत. त्यांतली बरीच त्या डोणीवरच लहानाची मोठी झालेली होती, ती कुठं जाणार? त्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या.

"गिरजामाय," मी म्हणालो, "माझी बदली झाली. अमरावतीला."

तिनं वळून पाहिलं. मी शिव्यांची तयारी करून आलो होतो. त्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बरं झालं," ती म्हणाली. "मायजवय राहान आता." आणि मग, जसा काही मी नेहमीसारखा रविवारचाच आलो होतो, तशी सांगू लागली, "आत कोसभरावर डोह हाय. आटत नाई. तिथं मोटार नाई जात, बंदूक नाई जात. पन हे मुडदे इथून हालतच नाईत. घागरीचा आवाज आयकाची सवय लागली त्यायले. म्याच लावली." तिनं ओट्यातला एक दगड उचलून माझ्यापुढं धरला. "उद्या शनवार हाय. बंदुका येतीन. माहा हात पोचून नाई राह्यला, मास्तर. तुमचा पोचन. मारा."

मी दगड घेतला आणि मारला. तो एका मादीच्या बरगडीवर लागला. लागल्याचा आवाज मला ऐकू आला. ती उसळली, दहा पावलं पळाली, आणि थांबून वळली. तिचं पिल्लू धावत येऊन तिला चिकटून उभं राहिलं. दोघंही कान पुढं करून आमच्याकडे पाहू लागली.

गिरजामायनं दुसरा दगड माझ्या हातात ठेवला आणि पदर तोंडावर ओढून घेतला.

"आजून मारा," ती म्हणाली.